खनिज ड्रिलिंगचा वन्यजीवांवर होणारा परिणाम कसा तपासायचा: भोकापलीकडचं मोजमाप

खनिजाच्या शोधासाठी एचक्यू मापाचं कोअर ड्रिलिंग (खडकाचा दंडगोल नमुना वर काढणारं) केलं की जमिनीत ९६ मिलिमीटर व्यासाचं भोक पडतं. अशी २० भोकं पाडली तरी त्यांची तोंडं मिळून जेमतेम अडीच ए-फोर कागदांएवढी जागा होते. त्यामुळे प्रकल्प अहवालात 'बाधित क्षेत्र नगण्य' असं लिहायचा मोह होतो, आणि बहुतेक कच्चे अहवाल इथेच घसरतात.

भोकाची झळ प्राण्यांना क्वचितच बसते. बसते ती रिग (भोक पाडणारं यंत्र) तिथवर नेण्यासाठी काढलेल्या वाटेची, त्या वाटेवरून दिवसरात्र फिरणाऱ्या टँकरची, ओढ्यातून उपसलेल्या पाण्याची, उघड्या राहिलेल्या पाइपची आणि काम कोणत्या महिन्यात केलं याची. म्हणून परिणामांचा अभ्यास या गोष्टींभोवती बांधायचा. खाली दिलेला क्रम शोध-ड्रिलिंगसाठी आहे. चालू खाणीतल्या उत्पादन-ड्रिलिंगला सुरुंग, ओव्हरबर्डनचे (खनिजावरच्या माती-खडकाचे) ढिगारे, कायमचा उपसा असे आणखी विषय जोडावे लागतात.

पायरी १: आधी ड्रिलरशी बोला, मग जंगलात जा

जीवशास्त्रज्ञाच्या हाती सहसा भोकांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि दोन पानांचं वर्णन येतं. तेवढ्यावर सर्वेक्षण आखू नये. ड्रिलिंग कंत्राटदाराकडून पुढची माहिती लेखी घ्यावी: रिगचा प्रकार (डायमंड कोअर की हवेच्या दाबाने खडकाचा चुरा वर आणणारं आरसी), ट्रॅकवर चालणारी की ट्रकवर बसवलेली, एका पॅडची (रिग उभी करायला साफ केलेल्या जागेची) लांबी-रुंदी, एका भोकाला लागणारे दिवस, शिफ्ट एक की दोन, रोजचं पाणी किती आणि कुठून, ड्रिलिंगच्या द्रवासाठी चिखलाचे खड्डे खणणार की लोखंडी टाक्या वापरणार, कोणते द्रव मिसळणार (बेंटोनाइट ही फुगणारी माती, पॉलिमर, फोम), कामगार कुठे राहणार, इंधन कुठे साठवणार, आणि भोकं शेवटी कशी बुजवणार.

त्यानंतर वाहनांच्या खेपा मोजायच्या. हा तक्ता फार कमी अहवालांत सापडतो, खरं तर तोच सगळ्यात बोलका असतो. समजा रिगला दिवसाला २४,००० लिटर पाणी लागतं आणि टँकर ८,००० लिटरचा आहे. म्हणजे ३ खेपा, पण वाटेवरच्या प्राण्याच्या दृष्टीने ६ वेळा वाहन गेलं. शिफ्ट बदलाच्या दोन गाड्या येऊन-जाऊन ४, भूवैज्ञानिकाची गाडी २, डिझेल आणि सुट्या भागांची २. एकूण १४. काम ६० दिवस चाललं तर ८४०. यातल्या किती खेपा अंधार पडल्यावर होतील हेही वेगळं लिहावं, कारण बरेच सस्तन प्राणी आणि बेडूक रात्रीच वाट ओलांडतात.

पायरी २: परिणामक्षेत्राच्या तीन रेषा

नकाशावर तीन वेगळ्या हद्दी आखाव्यात. पहिली, प्रत्यक्ष उकरली किंवा तोडली जाणारी जागा. वरचंच उदाहरण घेऊ: २० मीटर बाय १५ मीटरचे २० पॅड म्हणजे ०.६ हेक्टर. ६ किलोमीटर लांब आणि ५ मीटर रुंद नवी वाट म्हणजे ३ हेक्टर. वाट पॅडच्या पाचपट भरली.

दुसरी हद्द आवाज, उजेड, धूळ आणि माणसांच्या वावराची. एखादी प्रजाती वाहनांच्या वाटेपासून ५०० मीटर दूर राहत असेल, तर ६ किलोमीटरच्या सरळ वाटेभोवती जवळपास ६८० हेक्टर तिच्यासाठी कमी-अधिक निकामी होतात. ०.६ आणि ६८०, दोन्ही आकडे एकाच प्रकल्पाचे. ही हद्द प्रजातीगणिक बदलते, म्हणून सगळ्यांना सरसकट एक अंतर लावू नये. सरड्याला ५० मीटरवरच्या रिगचं सोयरसुतक नसेल, आणि घरट्यावर बसलेला गरुड किलोमीटरभर अंतरावरूनही उठून जाईल.

तिसरी हद्द पाण्याची. पाणी जिथून उचललं जातं तिथपासून खालच्या प्रवाहापर्यंत, आणि जमिनीखाली त्याच जलधरावर (पाणी साठवणाऱ्या थरावर) जगणाऱ्या झऱ्यांपर्यंत ती जाते. नकाशावर ती कधीच गोल येत नाही. गोल आलीच, तर कोणी तरी कार्यालयात बसून कंपास फिरवला असं समजावं.

पायरी ३: प्रजातींची यादी आणि ती गाळण्याची रीत

आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेची धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी, प्रमुख जैवविविधता क्षेत्रांचे नकाशे, जीबीआयएफ आणि ई-बर्डसारख्या खुल्या माहितीसाठ्यांतल्या नोंदी, संग्रहालयांतले नमुने, आणि त्या भागात गुरं चारणाऱ्या किंवा मासेमारी करणाऱ्या लोकांची माहिती यांतून पहिली लांबलचक यादी तयार होते. ज्या चौकोनात एकही नोंद नाही तिथे प्राणी नाही, असा अर्थ काढू नये. बहुतेक वेळा तिथे कोणी पाहायलाच गेलेलं नसतं. ई-बर्डच्या नोंदी रस्त्यांच्या कडेला दाटलेल्या दिसतात त्याचं कारण हेच, आणि शोध-ड्रिलिंग तर नेमकं रस्ता नसलेल्या भागात चालतं.

लाल यादीतला वर्ग आणि कायद्यातलं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा, ऑस्ट्रेलियाचा १९९९ चा पर्यावरण व जैवविविधता कायदा, प्रत्येकाची स्वतःची यादी आहे. जागतिक पातळीवर 'कमी चिंतेची' ठरलेली प्रजाती एखाद्या देशात कडक संरक्षणाखाली असू शकते. तक्त्यात दोन्ही रकाने ठेवावेत.

वर्ग कशावरून मिळाला तेही पाहावं, त्यावरून धोका कळतो. प्रजननक्षम प्राणी ५० पेक्षा कमी उरले म्हणून 'अतिसंकटग्रस्त' आणि २५० पेक्षा कमी म्हणून 'संकटग्रस्त' ठरलेल्या प्रजातींत एकेक जीव मोजावा लागतो. अधिवासाचा व्याप १० किंवा ५०० चौरस किलोमीटरच्या खाली आल्यामुळे वर्ग मिळालेला असेल, तर पॅडची जागा २०० मीटर सरकवण्यानेही फरक पडतो. घट मात्र संसर्गामुळे किंवा दूरवरच्या शिकारीमुळे झाली असेल, तर तुमच्या प्रकल्पाचा संबंध कदाचित वाटेपुरता असेल.

मग यादी गाळायची. प्रत्येक प्रजातीसमोर एकच प्रश्न: काम ज्या महिन्यांत चालणार, त्या महिन्यांत हा प्राणी या तीन हद्दींपैकी कुठल्याही हद्दीत खाणं, पाणी, वीण, विश्रांती किंवा स्थलांतर यांसाठी येऊ शकतो का? 'नाही' असं उत्तर असेल तर कारण एका ओळीत लिहावं. कारण न देता वगळलेलं नाव तपासणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं.

पायरी ४: क्षेत्र-सर्वेक्षण, आणि 'दिसलं नाही' म्हणजे काय

सर्वेक्षणाचा हंगाम प्राणी ठरवतो, प्रकल्पाचं वेळापत्रक ठरवत नाही. बेडूक पावसाच्या पहिल्या काही रात्रींत ओरडतात, शिकारी पक्ष्यांची घरटी पानगळीत सापडतात, वटवाघळांच्या माद्या पिल्लांसह एका गुहेत असतात आणि शीतनिद्रा दुसऱ्याच गुहेत घेतात. एकाच भेटीत सगळं उरकण्याचा करार झाला असेल, तर ती मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावर आली पाहिजे.

आता सगळ्यात दुर्लक्षित हिशोब. प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.३ आहे असं धरा. मग न दिसण्याची शक्यता ०.७. दोन फेऱ्यांत ०.४९, तीन फेऱ्यांत ०.३४. ती ०.०५ च्या खाली यायला ९ फेऱ्या लागतात. दिसण्याची शक्यता ०.५ असेल तर ५ फेऱ्या पुरतात, ०.१ असेल तर २९ लागतात. लपून राहणाऱ्या सापासाठी ३ फेऱ्या मारून 'आढळला नाही' लिहिण्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. तेवढ्या फेऱ्या शक्य नसतील तर प्राणी आहे असं गृहीत धरून अटी लिहाव्यात. बऱ्याचदा तेच स्वस्तही पडतं.

पक्ष्यांसाठी सूर्योदयापासून पुढचे तीन-चार तास, एका बिंदूवर १० मिनिटं, दोन बिंदूंमध्ये २०० ते २५० मीटर अंतर ही रुळलेली पद्धत आहे. वारा जोराचा असेल तर नोंद रद्द करावी, कारण वाऱ्यात ऐकूच कमी येतं.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मध्यम आणि मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, वाटेच्या मध्यापासून ३-४ मीटर लांब लावावेत. तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे नको, समोरचं गवत कापलेलं हवं. नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो येतात आणि तिसऱ्या दिवशी कार्ड भरतं. पट्टे-ठिपक्यांवरून प्राणी ओळखायचा असेल तर समोरासमोर दोन कॅमेरे लागतात, कारण डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी वेगळी असते. २० कॅमेरे ४५ रात्री म्हणजे कागदावर ९०० रात्री. त्यातून बंद पडलेल्या, चोरीला गेलेल्या, हत्तीने फिरवून आभाळाकडे केलेल्या कॅमेऱ्यांच्या रात्री वजा करूनच आकडा द्यावा. सगळे कॅमेरे पायवाटेवर लावले तर मांसाहारी जास्त दिसतात आणि वाट टाळणारे छोटे प्राणी सुटतात. काही कॅमेरे मुद्दाम झाडीत, ओढ्याच्या काठाला आणि प्रस्तावित पॅडच्या जागेवर लावावेत.

वटवाघळांना खाणकामाच्या जागेत वेगळं महत्त्व आहे, कारण नवा शोध बहुधा जुन्या खाणींच्या आसपासच सुरू होतो आणि जुने बोगदे म्हणजे त्यांची घरं. बोगद्याच्या तोंडाशी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बसून, अंधार पडल्यावर दीड-दोन तासांपर्यंत इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बाहेर पडणारी वटवाघळं मोजावीत, जोडीला ध्वनिमुद्रक ठेवावा. शीतनिद्रेच्या किंवा पिल्लांच्या काळात आत शिरू नये. झोपेतून एकदा उठलेलं वटवाघूळ हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी जाळतं. आणि एका गुहेतले बूट-दोर न धुता दुसऱ्या गुहेत नेऊ नयेत. उत्तर अमेरिकेत २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा नोंदल्या गेलेल्या, वटवाघळांच्या पांढऱ्या नाकाच्या रोगाची बुरशी अशीही पसरू शकते. बेडकांच्या कायट्रिड बुरशीसाठी ओढ्या-डबक्यांतही हाच नियम.

पाण्यातल्या दुर्मीळ प्रजातींसाठी पर्यावरणीय डीएनए, म्हणजे प्राण्यांच्या अंगावरून पाण्यात मिसळलेला डीएनए, उपयोगी पडतो. एका ठिकाणचे किमान तीन नमुने, प्रत्येकी लिटरभर, आणि सोबत घरून आणलेल्या शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना. तोही त्याच गाळणीतून, त्याच हातमोज्यांनी गाळायचा. कोऱ्या नमुन्यात डीएनए सापडला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. प्रवाहात उतरायचंच असेल तर नमुना वरच्या बाजूने घ्यावा, कारण बुटाला चिकटून आलेला डीएनएसुद्धा यंत्र पकडतं. होकार आला तरी प्राणी वर कुठे तरी आहे एवढंच कळतं, नेमका डोह नाही. गढूळ पाण्यात गाळणी काही मिनिटांत तुंबते, म्हणून मोठ्या छिद्रांची गाळणी जवळ असू द्यावी.

जमिनीखालच्या पाण्यात राहणारे, डोळे नसलेले बारीक कवचधारी जीव बहुतेकांच्या यादीत नसतातच. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात लोहखनिजाच्या प्रकल्पांना त्यांचा अभ्यास करावा लागतो. तिथे बोअरमध्ये ५० आणि १५० मायक्रॉन छिद्रांची वजनदार जाळी तळापर्यंत सोडून, हलवून, सावकाश वर ओढतात. गंमत अशी की या जीवांपर्यंत पोहोचायला ड्रिलिंगचंच भोक लागतं. मात्र ताजं भोक चालत नाही. चिखल बसून जीव परत यायला काही महिने जाऊ द्यावे लागतात.

पायरी ५: इजा कोणत्या वाटेने होते ते एकेक करून तपासा

आवाज. बिंदूसारख्या उगमापासून अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. रिगपासून १० मीटरवर ९० डेसिबल असेल तर १६० मीटरवर ६६, ६४० मीटरवर ५४, आणि १,२८० मीटरवर ४८. शांत माळरानाच्या रात्रीत ४८ पुष्कळ झालं. हे झालं सपाट, मोकळ्या जागेचं गणित. दरीत आवाज घुमतो, थंड रात्री जमिनीलगतची हवा गार असताना तो खाली वळून लांबवर जातो, म्हणून प्रत्यक्ष मोजमाप रात्रीचंही हवं.

पार्श्वभूमीची पातळी गृहीत धरण्यात तर सगळ्यात मोठी फसगत होते. अमेरिकेतल्या सेज ग्राऊज या पक्ष्याचे नर वसंतात ठरलेल्या मोकळ्या जागी पहाटे नाचतात, त्या आखाड्याच्या कडेला आवाज पार्श्वभूमीपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको अशी अट तिथे वापरतात. पार्श्वभूमी ४० धरली तर ५० पर्यंत मोकळीक मिळते, तीच मोजून २० निघाली तर ३० ला थांबावं लागतं. दोन्हींत रिग एकच, पण तिला दूर ठेवायचं अंतर दहापट होतं. म्हणून काम सुरू होण्याआधी, शांत दिवसांत, संबंधित प्राण्याच्या वेळेला मोजमाप घ्यावं. शिवाय नेहमीचा ए-भारित आकडा माणसाच्या कानासाठी बनवलेला आहे. कमी वारंवारतेचे घुमारे तो दडवतो, त्यामुळे वारंवारतेच्या पट्ट्यापट्ट्याची नोंदही मागावी.

याच पक्ष्यावर वायोमिंगमध्ये झालेला एक प्रयोग या विषयातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आखाड्यांवर लाउडस्पीकरने नैसर्गिक वायूच्या ड्रिलिंगचा आणि रस्त्याचा आवाज वेगवेगळा ऐकवला गेला. ड्रिलिंगच्या सलग आवाजाने नरांची हजेरी २९ टक्क्यांनी घटली. अधूनमधून जाणाऱ्या वाहनांच्या आवाजाने ७३ टक्क्यांनी. खेपांचा तक्ता पहिल्या पायरीतच का करून घ्यायचा, ते यावरून कळेल.

वाट. वाहनाखाली चिरडणं हा भाग दिसतो. न दिसणारा भाग असा की वाट शिकारी प्राण्याला आणि शिकारी माणसाला आत नेते. कॅनडाच्या उत्तरी जंगलात लांडगे अशा सरळ आखलेल्या पट्ट्यांवरून दाट झाडीपेक्षा वेगाने फिरतात आणि कॅरिबूंपर्यंत (तिथल्या रेनडिअरपर्यंत) त्यांची पोहोच वाढते. वाळवंटात उलट वाहन उभं असतानाच धोका असतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातलं कासव दुपारी गाडीच्या सावलीत येऊन बसतं आणि चालक मागे न पाहता गाडी काढतो. तिथे 'चाक हलवण्याआधी खाली वाकून बघा' ही अट लिहिलेली असते, आणि एवढी स्वस्त अट दुसरी नसेल.

पाइप आणि खड्डे. उभा, तोंड उघडा पाइप दिसला की ढोलीत घरटं करणारा पक्षी आत उतरतो. आतून गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, परत वर येता येत नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात खाणपट्ट्याच्या हद्दीसाठी रोवलेल्या पोकळ प्लॅस्टिकच्या खांबांनी असेच असंख्य पक्षी मारले. ड्रिलच्या केसिंगलाही (भोकात बसवलेल्या पाइपलाही) तेच लागू पडतं. रॉड बाहेर काढल्यापासून तोंड बंद हवं, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. बाटली, चिंधी, गवताचा बोळा चालत नाही. स्क्रूचं किंवा घट्ट बसणारं झाकणच लागतं.

चिखलाच्या खड्ड्यात पॉलिमर असेल तर पाणी बुळबुळीत होतं. तहानलेल्या पक्ष्याला ते पाणीच वाटतं, पिसं माखली की उडता येत नाही. एक बाजू तरी तीनास एक उताराची हवी, किंवा काठापासून तळापर्यंत खरखरीत तागाची चटई अंथरून, वर दगड ठेवून घट्ट करावी. गुळगुळीत ताडपत्री उतारावर अंथरली तर उतार असून नसल्यासारखा होतो, आणि हे चित्र प्रत्यक्षात फार दिसतं. रोज सकाळी, ऊन तापण्याआधी खड्डा तपासून काय सापडलं ते वहीत लिहायचं. 'काही नाही' हेही लिहायचं.

पाणी. २४,००० लिटर रोज म्हणजे सरासरी सेकंदाला ०.२८ लिटर. उन्हाळ्यात २ लिटर प्रति सेकंद वाहणाऱ्या ओढ्याच्या हा १४ टक्के हिस्सा, अहवालात खपून जातो. पण पंप सरासरीने चालत नाही. टँकर भरताना तो सेकंदाला ३ लिटर ओढतो, म्हणजे त्या वेळात ओढा खालच्या अंगाला कोरडा पडतो. माशांची पिल्लं आणि बेडूकमासे त्या पाऊण तासात उथळ जागी अडकतात. अट पंपाच्या वेगावर हवी, दिवसाच्या एकूण लिटरवर नको. पाइपच्या तोंडाला २.५ मिलिमीटर छिद्रांची, मोठ्या क्षेत्रफळाची जाळी लावावी. लहान जाळीत ओढ इतकी जोरात असते की पिल्लं तिला चिकटून मरतात.

चुनखडीच्या किंवा जुन्या खाणींच्या भागात ड्रिलिंगचा द्रव अचानक वर यायचा थांबतो. ड्रिलरला त्यात द्रवाचं नुकसान दिसतं, पण तो द्रव कुठे तरी पोकळीत गेलेला असतो आणि काही तासांनी खालच्या झऱ्यातून बाहेर येऊ शकतो. आसपासच्या झऱ्यांची गढूळता कामाआधी आणि काम चालू असताना मोजावी, आणि द्रव परतणं थांबलं की काम थांबवून झरे पाहून येण्याची अट घालावी. दाबाखालचं पाणी लागून भोक स्वतःहून वाहू लागलं तर ते ताबडतोब सिमेंटने बंद करण्याचं सामान जागेवर असावं.

उजेड आणि उष्टं. दिवे खाली वळवलेले, झाकलेले, पिवळट रंगाचे असावेत. पांढऱ्या निळसर दिव्याभोवती कीटक जमतात आणि मागून सगळी अन्नसाखळी हलते. उष्ट्या-खरकट्यासाठी झाकणाचा, प्राण्याला न उघडणारा डबा लागतो. मोहावीत कचऱ्यावर पोसलेले डोमकावळे कासवाची पिल्लं खातात, त्यांची कवचं तोवर घट्ट झालेली नसतात.

पायरी ६: परिणाम किती मोठा, हे ठरवताना

'कमी, मध्यम, जास्त' असे रंगीत चौकोन भरण्याआधी आकडे लिहावेत: या हद्दीत किती प्राणी, एकूण संख्येच्या किती टक्के, किती माद्या किंवा घरटी धोक्यात, आणि झालेलं नुकसान भरून यायला किती वर्षं. बऱ्याच जातींच्या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. काम महिनाभराचं, पण घरटं सोडलं तर वर्ष गेलं.

जागतिक बँकेच्या गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सहाव्या कामगिरी-मानकात, त्याच्या मार्गदर्शक टिपणानुसार, अतिसंकटग्रस्त किंवा संकटग्रस्त प्रजातीच्या जागतिक संख्येपैकी किमान ०.५ टक्के आणि किमान ५ प्रजनन-एककं (उदाहरणार्थ जोड्या) एखाद्या भागात असतील तर तो 'महत्त्वाचा अधिवास' ठरतो, आणि तिथे त्या प्रजातीचा निव्वळ लाभ दाखवावा लागतो. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या पद्धतीत तीन निष्कर्ष असतात: परिणाम नाही, परिणाम होऊ शकतो पण प्रतिकूल होण्याची शक्यता नाही, प्रतिकूल परिणाम संभवतो. पहिला निष्कर्ष लोक सैलपणे वापरतात. 'परिणाम नाही' म्हणजे शून्य. थोडासा, तात्पुरता, बहुधा होणार नाही असा, हे सगळं दुसऱ्या खान्यात जातं.

शेजारी दुसऱ्या कंपनीचं ड्रिलिंग, लाकूडतोड, वीजवाहिनी चालू असेल तर सगळ्यांच्या हद्दी एकाच नकाशावर टाकाव्यात. दोन प्रकल्पांनी एकाच कळपाला एकाच महिन्यात दोन बाजूंनी हाकललं, तर दोन्ही अहवाल वेगवेगळे बरोबर असून एकत्र चूक ठरतात.

पायरी ७: अटी अशा लिहा की ड्रिलरला पहाटे तीनला कळाव्यात

क्रम ठरलेला आहे: टाळा, कमी करा, पूर्ववत करा, आणि उरलेल्याची भरपाई. शोध-ड्रिलिंगचं एक बरं असतं, टाळायला वाव खूप. तिरकं भोक मारून पॅड घरट्यापासून दूर ठेवता येतो, एकाच पॅडवरून दोन-तीन भोकं होतात, हलकी रिग हेलिकॉप्टरने नेली तर वाट लागत नाही (मग उड्डाणाची उंची आणि मार्ग यांच्या अटी येतात), आणि वीण संपेपर्यंत थांबता येतं. खनिज कुठे पळून जात नाही. हा प्रश्न भूवैज्ञानिकासमोर नकाशा पसरून विचारावा, बऱ्याच वेळा भोक सरकवायला त्याची हरकत नसते.

'वन्यजीवांना त्रास होणार नाही याची योग्य ती काळजी घेतली जाईल' हे वाक्य कुठल्याही अहवालातून खोडून टाकावं. त्याजागी तारीख, अंतर, आकडा आणि थांबवणारा माणूस हवा. कॅनडाच्या उत्तरेत कॅरिबूंसाठीच्या अटींत १५ मे ते १५ जुलै असा माद्या-पिल्लांचा काळ नेमका सांगितलेला आहे. तसंच लिहावं: 'घरट्यापासून ८०० मीटरच्या आत या तारखेपासून पिल्लं उडेपर्यंत रिग चालणार नाही, निरीक्षकाने थांबवलेलं काम फक्त निरीक्षकच लेखी सुरू करेल.' ८०० हा आकडा कुठून आला तेही लिहावं. निरीक्षकाचा पगार ड्रिलिंगच्या मीटरवर अवलंबून नसावा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

यंत्रं जागेवर येण्याआधी धुवायची अटही इथेच येते. ट्रॅकच्या चेनमधल्या मातीत परक्या गवताचं बी असतं आणि ते अधिवास हळूहळू बदलतं.

पायरी ८: काम चालू असताना आणि नंतर

निरीक्षण आधी-नंतर आणि प्रकल्पाची जागा-तुलनेची जागा अशा चौकटीत ठेवावं. तुलनेची जागा नसेल तर कोरड्या वर्षामुळे पक्षी घटले की रिगमुळे, हे कधीच सांगता येत नाही. पॅड साफ करण्याच्या फार तर दोन-तीन दिवस आधी पुन्हा एकदा पायी तपासणी करावी. सहा महिन्यांपूर्वीच्या सर्वेक्षणाच्या भरवशावर बुलडोझर घालू नये, मधल्या काळात घरटं झालेलं असतं.

काम संपल्यावर केसिंग जमिनीच्या ३०-४० सेंटिमीटर खाली कापून, भोकात जलधरांच्या मधल्या भागात बेंटोनाइट किंवा सिमेंट भरून, वर पक्कं बूच बसवून माती उंचवटा राहील अशी टाकायची. वाट मिटवताना सुरुवातीचे आणि शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात मेहनतीने मिटवावेत: माती उकरून, ओंडके आडवे टाकून, रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाट दिसणारच नाही अशी. मधला भाग मग आपोआप भरतो. खड्ड्यातला चिखल सुकल्याशिवाय बुजवू नये, वरची माती खचून दलदल होते आणि त्यात जनावर रुततं.

प्रत्येक भोकाचा जीपीएस आणि बूच बसवल्याचा फोटो घ्यावा, पण तेवढ्यावर फाइल बंद करू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी ठेवावी. भोकावर टाकलेली माती तेव्हाच खाली बसते, तिचं नरसाळं होतं, आणि सैल बसलेलं बूच खाली सरकून पालीपासून उंदरापर्यंत सगळ्यांसाठी ९६ मिलिमीटरचा सापळा पुन्हा उघडतो.